रेड प्लॅनेरिया : मुलुंडच्या एका रीफ टँकचं प्रकरण

हे प्रकरण मुलुंडमधल्या एका घरच्या तीन फुटी रीफ टँकचं, म्हणजे जिवंत कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं आहे. नाव-पत्ता गाळलाय. टँकच्या मालकांना इथे नुसतं काका म्हणतो, ओळखीतले सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय आणि बरेचसे आकडे त्यांच्या टँकच्या वहीतले आहेत. मी स्वतः रीफ टँक ठेवतो, त्यामुळे मदतीला होतो. एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की लाल चपटे वर्म, म्हणजे रेड प्लॅनेरिया नावाचे बारीक कृमी, झाले की बहुतेकजण थेट औषध कुठे मिळेल हेच विचारतात, आणि माझं म्हणणं आहे की औषध हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात शेवटचा भाग आहे. धोका औषधात कमी असतो, औषध पडतं त्या क्षणी टँकमधे किती वर्म आहेत त्यात जास्त असतो.

पार्श्वभूमी

टँक ३६ बाय १८ बाय १८ इंच, खाली सम्प (फिल्टरची वेगळी टाकी), त्यात स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि एका कप्प्यात चीटो म्हणजे ते हिरवं गुंतवळासारखं शेवाळ, त्यावर रात्रीचा वेगळा लाइट. मुंबईच्या उकाड्यात चिलरशिवाय रीफ चालत नाही, तोही आहे, पाणी २६-२७ डिग्रीवर असतं. मासे मोजके, क्लाउनची जोडी, एक फायरफिश आणि एक क्लीनर श्रिम्प. कोरल सगळे सॉफ्ट, म्हणजे झोआ (फुलासारखे उघडणारे), मशरूम, लेदर, थोडं झीनिया आणि मागच्या काचेवर जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप). हार्ड कोरल काकांनी कधी ठेवले नाहीत आणि ठेवूही नयेत, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून ते शेड्यूल वनमधे आहेत, वाघाच्याच यादीत. रॉकसुद्धा कोरडा आणून पिकवलेला, म्हणजे त्यावर उपयोगी जिवाणू वाढू दिलेला.

टँक तीनेक वर्षं व्यवस्थित चालला होता. उन्हाळ्यात हॉबीतल्याच एका मुलाकडून झोआचा एक छान केशरी फ्रॅग, म्हणजे तोडून दिलेला तुकडा, आला. पिशवी टँकमधे तरंगत ठेवून तापमान जुळवलं आणि फ्रॅग प्लगसकट (ज्या छोट्या चकतीवर तो चिकटवलेला असतो तिच्यासकट) रॉकवर बसवला. डिप (औषधी पाण्यात बुडवून धुणं) नाही, क्वारंटाइन नाही. आपल्याकडे बरेचजण असंच करतात, फ्रॅग ओळखीच्या माणसाकडून आला असेल तर तर नक्कीच. देणाऱ्यालाही त्याच्या टँकमधे काही आहे याचा पत्ता नव्हता, त्यामुळे त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही.

अडचण

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास मागच्या काचेच्या कोपऱ्यात, जिथे वेव्हमेकरचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) फ्लो पोचत नव्हता, तिथे गंजासारखे ठिपके दिसायला लागले. काकांना वाटलं डायटम (तपकिरी शेवाळ) असेल, त्यांनी मॅग्नेटने काच पुसली, ठिपके पुन्हा आले. मग त्यांच्या मुलीला एक ठिपका सरकताना दिसला. त्याच दरम्यान झोआ नीट उघडेना झाले.

आता इथे गाडी चुकीच्या रुळावर गेली. वर्म आहेत एवढं कळल्यावर कोणीतरी सांगितलं की रात्री लाइट बंद करून टॉर्च मारा, मग खरे वर्म दिसतील. काकांनी टॉर्च मारला तर रॉकच्या फटींतून गुलाबी-करडे, बाजूला पांढरे केस असलेले लांब वर्म बाहेर आलेले. ब्रिसल वर्म. ते बघून घरातले सगळेच घाबरले, आणि खरंच पहिल्यांदा बघणाऱ्याला ते भयंकर दिसतात. सापळा आणला गेला, रोज रात्री त्यात कोळंबीचा तुकडा ठेवून वर्म काढायचा कार्यक्रम सुरू झाला. काकांच्या बोटात केससुद्धा घुसले, ते सेलोटेप चिकटवून काढावे लागले.

पण आपल्या टँकमधे असणारे बहुतेक ब्रिसल वर्म कोरलला हात लावत नाहीत. फटीत अडकलेलं उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, घाण, हे सगळं तेच संपवतात. कोरल खाणारे फायरवर्म असतात पण तो वेगळा प्रकार आहे. काकांनी साफसफाईची माणसंच काढून टाकली, वरून रोज कोळंबीचा तुकडा टँकमधे. काही आठवड्यांत नायट्रेट ४० पीपीएमच्या वर आणि फॉस्फेट ०.२५ पर्यंत गेलं, खाणं कुजलं की हे दोन्ही वाढतात. लाल ठिपके वाढायला याचा थोडा तरी हात असणार असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

ओळख पटवणे

मी गेलो तेव्हा पहिलं काम हेच केलं, लाइट लागून दोन-तीन तास झाल्यावर भिंग घेऊन टँकसमोर बसलो. हे वर्म दिवसा लाइटमधे बाहेर येतात कारण त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते त्याच्या जिवावर जगतात, वर पाण्यातले बारीक जीवही खातात. ब्रिसल वर्मचं उलटं, ते रात्रीचे. एवढा एक फरक माहीत असता तरी सापळा आणलाच नसता.

भिंगातून दिसलं ते असं. तीन-चार मिलिमीटर लांब, कागदासारखे चपटे, गंजाच्या रंगाचे, आणि मागच्या टोकाला शेपटीसारखी टोकं. मोबाइलच्या मॅक्रोने काढलेल्या फोटोत ती टोकं स्वच्छ दिसली. हॉबीत याला रेड प्लॅनेरिया म्हणतात, यातला नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा. खरं तर हे प्लॅनेरिया नाहीतच. हे एसील गटातले, पूर्वी यांना चपट्या कृमींमधेच धरायचे, आता शास्त्रज्ञ यांना झेनासीलोमॉर्फा या वेगळ्या गटात टाकतात. हे इथे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे, चपट्या कृमींवरचं कुठलंही औषध यांच्यावर चालेलच असं धरता येत नाही. शिवाय यांना जोडीदाराची गरज नाही, मागच्या कडेला अंकुरासारखी पिल्लं फुटतात आणि सुटून जातात. म्हणून एका फ्रॅगवर आलेल्या दोन-चार वर्ममधून अख्खी काच भरते.

ते कोरल खात नाहीत. झोआ उघडत नव्हते कारण त्यांच्यावर वर्मची चादर पसरली होती आणि त्यांना लाइटच मिळत नव्हता. हे कळल्यावर काकांना जरा हायसं वाटलं, म्हणजे तातडी होती पण आज रात्रीच काहीतरी करायलाच हवं अशी नव्हती.

पर्याय काय होते

काहीच न करणं हाही पर्याय असतो. कधीकधी हे वर्म वाढून वाढून आपोआप कमी होतात. पण एवढी संख्या एकदम मेली तर काय, हा प्रश्न तसाच राहतो, कारण यांच्या अंगात विष असतं आणि मेल्यावर किंवा चिरडल्यावर ते पाण्यात उतरतं. टँक आपला, आणि वेळ मात्र वर्म ठरवणार, हे काकांना पटलं नाही आणि मलाही नाही.

दुसरा पर्याय मासा. सिक्स लाइन रास पुष्कळजण सुचवतात, काही टँकमधे तो हे वर्म खातो, काहींमधे ढुंकूनही बघत नाही, आणि एकदा घर केलं की लाजऱ्या माशांच्या मागे लागतो. फायरफिश तर त्याच्या भीतीने टँकबाहेर उडी मारेल. पिवळा कोरिस किंवा मेलान्युरस रास त्या मानाने शांत असतात पण त्यांना रात्री वाळूत शिरून झोपायला लागतं, काकांच्या टँकमधे वाळूचा नुसता पातळ थर. आणि मासा खाऊन खाऊन संख्या दाबून ठेवेल, संपवेल याची खात्री कोणी देत नाही.

तिसरा, काळ्या मखमली अंगावर निळ्या रेषा असलेली समुद्री गोगलगाय, केलिडोनुरा व्हॅरियन्स. ती हेच वर्म खाते. ऐकायला एकदम बरोबर उपाय वाटतो आणि काकांची मुलगी यासाठी फार उत्सुक होती. पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही, वेव्हमेकरमधे ओढली जाऊन मरते, आणि वर्म संपले की तिला खायला काही उरत नाही म्हणजे उपाशी मरते. ज्या जिवाला आपण जगवू शकत नाही तो कामापुरता आणायचा, हे काकांना मान्य नव्हतं. मला त्यांचं हे म्हणणं फार आवडलं.

चौथा, जनावरांचं जंताचं औषध. कुर्ल्याच्या मार्केटमधे एकाने काकांना कुत्र्यांना देतात ती फेनबेंडाझोलची गोळी टाकायला सांगितलं होतं. हे मी ठामपणे नको म्हटलं. त्याने ब्रिसल वर्म, फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखे निरुपद्रवी वर्म) मरतात, काही गोगलगायींना आणि सॉफ्ट कोरलनाही ते झेपत नाही, म्हणजे ज्यांना वाचवायचं त्यांचाच नंबर आधी लागायचा.

पाचवा, टँक मोडून नव्याने लावायचा. तीन वर्षांचा पिकलेला रॉक फेकायचा, हे कोणालाच नको होतं.

उरला रीफसाठीच बनवलेल्या फ्लॅटवर्मच्या थेंबांच्या औषधाचा पर्याय, आणि त्याच्या आधी हाताने सायफन करून संख्या कमी करणं. शेवटी हेच दोन्ही मिळून करायचं ठरलं. वादाचा मुद्दा एकच राहिला, आधी किती दिवस सायफन करायचं.

पहिला निर्णय : गणपतीच्या आधी की नंतर

औषध हातात आलं तेव्हा गणपती तोंडावर होते आणि काका-काकूंचं कोकणकन्याचं रिझर्व्हेशन होतं. काकांचं म्हणणं, जायच्या आदल्या दिवशी डोस टाकून मोकळं होऊ, परत येऊ तेव्हा टँक स्वच्छ. मुलगी घरी राहणार नव्हती, तीही जाणार होती. म्हणजे डोसनंतरचे सगळ्यात नाजूक दिवस टँक शेजाऱ्यांच्या भरवशावर.

मी एवढंच केलं की एका बरणीत टँकचं पाणी घेतलं, त्यात सायफनने काढलेले चमचाभर जिवंत वर्म टाकले आणि बाटलीवरच्या प्रमाणात औषध घातलं. काही मिनिटांत वर्म आक्रसायला लागले, काचेवरून सुटून तळाला गेले आणि बघता बघता पाण्याला तांबूस रंग चढला. काकांनी ती बरणी खिडकीजवळ धरून बराच वेळ बघितली. मुलगी म्हणाली, "बाबा, हे एवढ्याशा वर्मचं आहे, टँकमधे कितीतरी पट आहेत." त्यानंतर काकांनी स्वतःच सांगितलं की गणपतीनंतर बघू.

ही बरणीची चाचणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. एक तर औषध आपल्या वर्मवर चालतं का ते कळतं, दुसरं म्हणजे किती वेळात चालतं ते कळतं, आणि तिसरं, जे सांगून पटत नाही ते डोळ्यांनी दिसतं.

कोकणात जाताना लाइट आठ तासांवरून पाच तासांवर आणला, माशांच्या खाण्याच्या पुड्या बांधून शेजारच्या वहिनींना दिल्या, एक दिवसाआड एक पुडी आणि त्याच्यावर एक दाणा नाही. शेजारी प्रेमापोटी जास्त घालतात आणि मग नायट्रेट चढतं, म्हणून पुड्या.

काय केलं

परत आल्यावर सायफनचा टप्पा सुरू झाला आणि खरं काम हेच होतं. दुपारी लाइट लागून काही तास झाले की वर्म उजेडाच्या आणि संथ पाण्याच्या जागी गोळा होतात, तेव्हा पंप बंद करायचे, एअरलाइनच्या बारीक पाइपला पुढे कडक नळी लावायची आणि एकेक पुंजका ओढून घ्यायचा. बारीक पाइप अशासाठी की पाणी कमी जातं आणि वेळ जास्त मिळतो. घासायचं नाही, चिरडायचं नाही, चिरडला तर विष तिथेच सुटतं आणि उरलेल्या तुकड्यातून परत वर्म उभा राहू शकतो. काढलेलं पाणी गाळून परत टाकायचा मोह होतो, टँकसाठीचं सॉल्ट महाग आहे, पण ते फेकलेलंच बरं.

एक गोष्ट इथे थांबून सांगतो. काका सायफन तोंडाने ओढून चालू करायचे. हे अजिबात करू नये. झोआ आणि त्यांच्या जातीच्या पॉलिपमधे (कोरलच्या फुलासारख्या जिवांमधे) पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं, त्यात या वर्मचं पाणी. पाइप आधी पाण्यात बुडवून भरून घ्यायचा, टोक अंगठ्याने दाबायचं आणि खाली बादलीत सोडायचं. हातात ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा.

दर वेळी जेवढं पाणी गेलं तेवढं नवीन. यात मुंबईचा एक फायदा आहे, तलावांचं पाणी असल्यामुळे नळाला टीडीएस (विरघळलेले क्षार) मुळात कमी असतो. पण क्लोरीन असतोच, आणि घरच्या प्यायच्या आरओवर विसंबू नये, बऱ्याच मशिनमधे टीडीएस वाढवायचा कंट्रोलर असतो आणि तो थोडं साधं पाणी परत मिसळतो. काकांकडे वेगळा आरओ-डीआय, म्हणजे टँकसाठी पाणी पूर्ण शुद्ध करणारा फिल्टर, आहे. समुद्राचं पाणी आणावं का असंही एकाने विचारलं होतं. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी, तेही पावसात, नको.

सोबत वेव्हमेकर फिरवून तो मेलेला कोपरा हलता केला, खाणं कमी केलं, ब्रिसल वर्मचा सापळा कायमचा काढला. नायट्रेट हळूहळू १५ च्या आसपास आणलं. घाईने आणलं नाही, सॉफ्ट कोरलला एकदम फार स्वच्छ पाणीही मानवत नाही. काही आठवड्यांनी काचेवर एका वेळी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच वर्म दिसायला लागले. तेव्हा डोस ठरवला.

पाण्याचा हिशेब पुन्हा केला. काकांच्या वहीत टँक २४० लिटर होता, टँक आणि सम्प दोन्ही काठोकाठ धरून. बाहेरच्या मापाने टँकचेच १९१ लिटर होतात, पण वरचे दोन इंच रिकामे, काचेची जाडी, रॉक आणि वाळू वजा केली आणि सम्पमधलं खरं पाणी मिळवलं तर आकडा १८० च्या आत आला. २४० धरला असता तर डोस एक तृतीयांश जास्त पडला असता.

आदल्या दिवशी बाथरूममधे दोन ड्रम सॉल्टचं पाणी तयार करून ठेवलं, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम सॉल्ट, रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या साधनाने) १.०२५ जुळवून, आत पंप फिरत ठेवून. काकू म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत ड्रम हलले पाहिजेत," आणि त्यांच्याच सांगण्यावरून सोसायटीचं पाणी येण्याच्या वेळेशी सगळं जुळवलं, ते बरंच झालं. नवीन कार्बन (पाण्यातलं विष आणि औषध शोषणारा कोळसा) धुऊन पिशवीत भरून तयार. रविवार सकाळ निवडली, म्हणजे पूर्ण दिवस हातात आणि घरात तिघं-चौघं.

डोसच्या आधी शेवटचं सायफन केलं, जुना कार्बन काढला, स्किमर बंद केला, दोन एअरस्टोन सोडले, वेव्हमेकर चालू ठेवले. मग थेंब टँकभर फिरवून सोडले.

दुसरा निर्णय : थांबायचं की पूर्ण करायचं

सुरुवात बरणीसारखीच झाली, वर्म सुटून पाण्यात तरंगायला लागले आणि मुलगी नळीने ओढत होती. मग रॉकच्या आतून, ज्याची आम्हाला कल्पना नव्हती एवढे बाहेर आले. आणि थोड्या वेळाने रिटर्नच्या (सम्पमधलं पाणी वर आणणाऱ्या पाइपच्या) तोंडातून मेलेले वर्म यायला लागले. म्हणजे सम्पमधेही होते. चीटोवर रात्रभर लाइट, फ्लो कमी, त्यांच्यासाठी अगदी हवी तशी जागा. इतके दिवस सायफन वरच्या टँकमधेच चाललं होतं, खालचा तो कप्पा कोणी उघडून बघितला नव्हता.

अर्ध्या तासाच्या आतच फायरफिश वर आला आणि पृष्ठभागाजवळ जोरजोरात श्वास घ्यायला लागला. क्लाउन ठीक होते. बाटलीवर दिलेली वेळ अजून संपलेली नव्हती. काकांना वाटत होतं आणखी थोडं थांबू, एवढी तयारी केली आहे तर एकदाच संपवून टाकू. मुलगी म्हणाली, "वर्म परत मारता येतील, मासा नाही."

तिथल्या तिथे कार्बन टाकला, स्किमर चालू केला आणि पहिला ड्रम बदलला, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी. दुपारी दुसरा. तोपर्यंत मेलेले वर्म काढणं चालूच होतं, चीटो तर अख्खा काढून फेकला. माझ्या मते डोस अर्धवट सोडण्याचा हा निर्णय पूर्ण प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय होता, कारण दुसरा डोस तसाही द्यावाच लागतो, लपलेले आणि वाचलेले राहतातच.

परिणाम

फायरफिश सकाळी मेलेला मिळाला. काकांना ते फार लागलं, टँकमधला तो सगळ्यात जुना मासा होता. झीनियाचा एक भाग गळून गेला, लेदर आठवडाभर मिटून राहिला आणि मग त्याने वरचा थर टाकून परत पॉलिप काढले. क्लाउन, श्रिम्प, मशरूम, जीएसपी यांना काही झालं नाही.

आठवड्याने दुसरा डोस दिला, तशीच सगळी तयारी करून, या वेळी पूर्ण वेळ. मोजकेच वर्म पडले, पाण्याला रंगसुद्धा आला नाही आणि मासे खात होते. दोन डोसमधला फरक एवढाच होता की दुसऱ्यांदा मरायला वर्मच फार उरले नव्हते. औषध तेच, प्रमाण तेच, टँक तोच.

त्यानंतर कार्बन अजून एकदा बदलला. दिवाळीपर्यंत एकही लाल ठिपका दिसला नाही, आणि हे लिहीपर्यंतही नाही. झोआ उघडले, ज्या केशरी फ्रॅगवरून हे सगळं आलं तो आता बराच पसरलाय. ब्रिसल वर्म हळूहळू परत वाढलेत आणि काका आता रात्री टॉर्च मारून ते आहेत ना याची खात्री करतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधीची जागा म्हणजे तो फ्रॅग. प्लग कापून टाकून नुसता झोआ नवीन प्लगवर लावला असता, कोरल डिपमधे हलवला असता आणि काही आठवडे वेगळ्या छोट्या टँकमधे ठेवला असता तर बहुधा पुढचं काहीच झालं नसतं. नुसता डिप पुरेसा धरू नये. चिकटलेले जिवंत वर्म डिपमधे सुटतात पण अंडी घालणारे जे दुसरे वर्म आणि न्यूडीब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) असतात त्यांची अंडी डिपने मरतीलच असं नाही, म्हणून वेगळं ठेवून बघणं महत्त्वाचं.

दुसरी जागा सम्प. जिथे जिथे पाणी आणि लाइट आहे तिथे तिथे वर्म असू शकतात, रिफ्युजियम म्हणजे चीटोचा कप्पा, ओव्हरफ्लो म्हणजे पाणी सम्पमधे उतरायची जागा, सगळीकडे. डोसच्या आठवडाभर आधी चीटो काढून टाकला असता आणि सम्प सायफन केला असता तर पहिल्या डोसला विष कितीतरी कमी सुटलं असतं. फायरफिश वाचला असता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण शक्यता बरीच होती.

मासे आधीच बाहेर काढायला हवे होते का यावर आमच्यात अजून एकमत नाही. काकांचं म्हणणं, फायरफिश एअरस्टोन लावलेल्या बादलीत ठेवला असता तर वाचला असता. माझं म्हणणं, जाळी घेऊन रॉकमधून फायरफिश पकडायचा म्हणजे अर्धा टँक उपसायचा आणि तो ताणच त्याला मारतो. त्यांच्या मुलीने मधला मार्ग सांगितला तो मला पटतो, आदल्या दोन दिवसांत खाण्याच्या सापळ्याने पकडता आला तर काढायचा, नाहीतर जाळी लावायची नाही.

आणि ब्रिसल वर्मचा सापळा. एखादा जीव दिसला की तो कोण आहे, दिवसा फिरतो की रात्री, कोरलवर बसलाय म्हणजे कोरल खातोय का नुसता बसलाय, एवढं बघायला भिंग आणि एक दुपार पुरते. त्या घाईत गेलेले आठवडे वर्मच्या फायद्याचे ठरले.

सध्या वॉशिंग मशिनच्या शेजारी, काकूंनी मोकळ्या करून दिलेल्या जागेत एक फूटभर टँक क्वारंटाइनसाठी कायमचा चालू आहे. पिवळा कोरिस आणायचा का, हे मात्र अजून ठरलेलं नाही. काकांना पहारेकरी म्हणून हवाय. मला वाटतं की वर्म नसताना तो आणणं म्हणजे टँकमधल्या कोपेपॉडना आणि बारीक जिवांना उगाच त्रास, शिवाय वाळू दोन इंच तरी वाढवावी लागेल आणि वर जाळीचं झाकण बसवावं लागेल, कारण रास उडी मारतात. जाळीचं माप मात्र काकांनी घेऊन ठेवलंय.